रास्पबेरी पायवर नॅव्हिड्रोम: सर्व्हर सोपा, टॅग अवघड

आज घरचा म्युझिक सर्व्हर लागला. रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक), डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन), त्यात नॅव्हिड्रोम (आपल्याच डिस्कवरची गाणी नेटवर्कवर ऐकवणारा प्रोग्राम), पोर्ट ४५३३. एवढं अर्ध्या तासात होतं. उरलेला दिवस डिस्क आणि टॅग (गाण्याच्या फाइलमधली गायक, अल्बम वगैरे माहिती) खातात.

पाय ४ चे सगळे यूएसबी पोर्ट मिळून जेमतेम १.२ अँपिअर देतात. एक अडीच इंची डिस्क चालते. दुसरी जोडली की कॉपी करताना मध्येच गायब. वेगळा अडॅप्टर असलेला हब घ्या. डिस्क एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क जोडायची याची यादी) यूयूआयडीनेच, म्हणजे तिच्या कायमच्या ओळख-क्रमांकानेच, माउंट करा, कारण एसडीए-एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात. सोबत 'नोफेल' लिहा, नाहीतर डिस्क नसताना बूट अडकतं.

खरी मेख 'अल्बम आर्टिस्ट'. चित्रपटाच्या अल्बममध्ये चार गायक आणि हा टॅग रिकामा, की एका अल्बमचे चार तुकडे! पिकार्डमध्ये (टॅग दुरुस्त करायचा प्रोग्राम) सगळी गाणी एकदम निवडून तिथे संगीतकाराचं नाव टाका. नावांची तऱ्हाही तीच: लताबाई देवनागरीत एकदा, रोमनमध्ये दोन स्पेलिंगांनी, म्हणजे यादीत तीन लताबाई. एकच लिपी ठरवा आणि पाळा.

बाहेरून ऐकायचंय? इंटरनेट सीजीनॅटमागे असेल, म्हणजे कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटला असेल, तर राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून काही होत नाही. टेलस्केल (आपली उपकरणं खाजगी नेटवर्कने जोडणारं ॲप) टाका. फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेलं गाणं) मिनिटाला पाच-सहा एमबी खातं. मोबाइल डेटावर ॲपमध्ये ओपस १२८ (आकुंचित फॉरमॅट, १२८ केबीपीएस) निवडा, मिनिटाला एका एमबीच्या आत काम होतं. लोकलच्या गोंगाटात फरक कळतो म्हणणाऱ्यांना नमस्कार.