सोडियम ११८
आज सकाळी आईने मला विचारलं, "तू कोणाची गं?" हातातला कप तसाच, चहावर साय धरलेली. मला वाटलं, अर्धांगाचाच झटका. पंचवटीतून हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत माझे हातपाय गळाले होते.

रिपोर्ट आला. सोडियम ११८. हवं १३५ ते १४५.

बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, मीठ तिने जवळजवळ सोडलेलं, आणि नाशिकचं हे ऊन म्हणून तांब्या तांब्या नुसतं पाणी. रक्तातलं सोडियम असं उतरलं की पाणी पेशींत शिरतं. मेंदूच्या पेशी फुगतात, आणि कवटीत त्यांना जागा कुठली? पाणी कितीही प्या, चांगलंच, असं मीच तिला सांगायचे.

सोडियम वाढवायचं तेही हळूहळू, २४ तासांत ८-१० अंकांच्या वर नाही. घाई केली तर मेंदूलाच इजा. दिवसभर सलाईनचे थेंब बघत बसले. घरात अशी गोळी कोणाला चालू असेल तर डॉक्टरांना विचारून सोडियम तपासून घ्या. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

संध्याकाळी १२३. आईने डोळे उघडले, माझं नाव घेतलं आणि विचारलं, "मेथी निवडलीस का?"