सामान नागपुरात, पोरीचं नाव पुण्यात

पुणं सोडून नागपूरला आलो म्हटलं की लोक घरभाड्याचं विचारतात, ट्रकवाल्याने किती घेतले ते विचारतात, उन्हाळा सोसेल का ते विचारतात. पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला मिळाला का, हे कुणी विचारत नाही. म्हणून लिहायला बसले. आमचं सगळं घर इकडे येऊन रुळलं, तरी शाळांच्या सरकारी पोर्टलवर माझी लेक पावसाळा सरत आला तेव्हाही पुण्याच्याच शाळेत शिकत होती.

पुणं का सोडलं ते थोडक्यात सांगते. वाकडला टू बीएचकेचं भाडं 32,000 वर गेलं होतं. दर अकरा महिन्यांनी नवा करार आणि दर कराराला दहा टक्के वाढ. त्यात इंग्रजी शाळेची फी, तिची बस वेगळी, दर वर्षी त्याच दुकानातून घ्यायची पुस्तकं. दोघांचे पगार येऊनही वीस तारखेनंतर क्रेडिट कार्डावर किराणा. नवऱ्याच्या कंपनीचं एक ऑफिस नागपूरच्या मिहान औद्योगिक भागात आहे, सासर वर्ध्याचं. मार्चमध्ये त्याला बदलीचं पत्र मिळालं आणि ठरलं. मनीषनगरला 15,000 मध्ये घर मिळालं, तेही दोन मजली बंगल्याच्या खालच्या मजल्यावर. नागपुरात भाड्याने घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: वर गच्ची असलेला मजला स्वस्त मिळतो, तो का स्वस्त आहे ते नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की कळतं.

सगळंच स्वस्त होतं असं मात्र समजू नका. वीज दोन्हीकडे महावितरणचीच, घरगुती दर तोच, पण इथे एप्रिलपासून कूलर दिवसरात्र चालतो. गॅस सिलिंडर पुण्यापेक्षा पन्नासेक रुपयांनी महाग पडतो. वाचतं ते भाड्यात, शाळेत आणि अंतरात. नवरा मेट्रोच्या ऑरेंज लाइनने खापरीला उतरतो, तिथून कंपनीची गाडी. हिंजवडीच्या सिग्नलला जेवढा वेळ जायचा तेवढ्यात तो टेबलाशी बसलेला असतो.

सामानाचं काही विशेष सांगण्यासारखं नाही. ट्रक समृद्धीवरून आला, एक काच फुटली. पुण्याच्या घरमालकाने रंगाचे पैसे कापले, ते सगळेच कापतात.

आता शाळा.

लेक सहावी पास झाली होती. पुण्यातली शाळा खाजगी, विनाअनुदानित, राज्य मंडळाची. नागपुरात आम्ही जाणूनबुजून अनुदानित शाळा निवडली, सेमी इंग्रजी. नातेवाइकांनी नाकं मुरडली. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले आहे, मला नाकांचं काही वाटत नाही. आठवीपर्यंत शिकवणी फी नाही आणि मैदान खरंखुरं मातीचं आहे.

निकाल लागताच पुण्याच्या शाळेत एलसीसाठी, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी, अर्ज दिला. पालकांसाठी खिडकी सकाळी दोन तास उघडते. खिडकीतल्या बाईंनी अर्ज घेतला, वाचला आणि म्हणाल्या, पुढच्या टर्मची फी भरा, मग एलसी निघेल. का? तर शाळा सोडायची असेल तर तीन महिने आधी नोटीस द्यावी लागते, प्रवेशाच्या फॉर्मवर तुमची सही आहे. म्हणजे मी जानेवारीत नोटीस द्यायला हवी होती. बदलीचं पत्र मार्चमधलं! हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा आहे. मुख्याध्यापिकांना भेटायचं म्हटलं तर मॅडम मीटिंगमध्ये. मग मॅडम रजेवर. मग मे महिना, म्हणजे सगळेच रजेवर, आणि ज्या एका शिपायाच्या भरवशावर शाळा उघडी होती त्याला एलसी म्हणजे काय ते माहीत होतं, पण सही करायचा अधिकार नव्हता. बिचारा रोज पाणी विचारायचा.

ज्या टर्मला पोरगी तिथे शिकणारच नाही त्या टर्मची फी मागणाऱ्या शाळेला काय म्हणायचं ते माझ्या मनात तयार होतं. लिहिण्यासारखं नाही.

एक गोष्ट आमच्या बाजूची होती. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. तिकडे पुण्यात वर्ग भरू लागले होते, इकडे आमच्या हातात अजून थोडे दिवस होते. पुण्या-मुंबईकडून इकडे येणाऱ्यांनी हा फरक धरून चालावं. उलट दिशेने जाणाऱ्यांची मात्र तारांबळ उडते.

कागद नाही म्हणून प्रवेश जाईल या भीतीने मी नागपूरच्या शाळेत गेले. मुख्याध्यापक सर शांत गृहस्थ. म्हणाले, "काहून टेन्शन घेता ताई? पोरगी शाळेत येऊ द्या, कागद येईल मागून." आणि त्यांनी कपाटातून शिक्षण हक्क कायदा, 2009 ची मराठी प्रत काढून कलम 5 दाखवलं. त्यात सरळ लिहिलंय: मूल दुसऱ्या शाळेत जात असेल तर आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला या कारणाने नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही, लांबवायचाही नाही. कायदा पहिली ते आठवीचा आहे. आणि हेही नीट वाचून घ्या, कारण मी वाचलं: हा हक्क सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या मुलांना आहे. खाजगी विनाअनुदानित शाळेत नाव घालायचं असेल तर हेच कलम पुढे करता येत नाही. आमची निवड पैशासाठी होती, ती अशी उपयोगी पडली.

जन्मदाखला, आधार आणि सहावीचं गुणपत्रक एवढ्यावर लेक वर्गात बसली.

मग मी पुण्याच्या शाळेला पत्र लिहिलं. एक पान, मराठीत, रागाचा एक शब्द नाही. मुलीचं नाव, इयत्ता, जनरल रजिस्टर क्रमांक, अर्ज केल्याची तारीख, सहावीची पूर्ण फी भरल्याच्या पावत्यांचे क्रमांक, नव्या शाळेचं नाव आणि ती अनुदानित असल्याचा उल्लेख, कलम 5. शेवटची ओळ: दाखला देणार नसाल तर कारण लेखी द्यावं. खाली प्रत माहितीसाठी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक). शाळेला ईमेल केला, स्पीड पोस्टनेही पाठवलं, आणि तिसरी प्रत पुण्यातल्या नणंदेच्या हाती दिली की खिडकीत देऊन पोच घे, शिक्का आणि तारखेसकट. शिक्का मारायला खिडकीतल्या बाईंनी बरीच टाळाटाळ केली. नणंद बँकेत काम करते, तिला टाळाटाळ ओळखता येते. ती तिथेच बाकावर बसून राहिली.

"कारण लेखी द्यावं" ही ओळ लिहायला विसरू नका. तोंडी नियम सांगणाऱ्याला तोच नियम कागदावर सहीनिशी द्यायला सांगितला की नियम बदलतो. आमच्या बाबतीत टर्मच्या फीची भाषा त्यानंतर कुणी काढली नाही. दाखला तयार आहे, घेऊन जा, असा फोन आला. तोही फार प्रेमाने.

दाखला हातात पडला की खिडकीपासून हलू नका. नणंदेने तिथूनच फोटो पाठवला. आईच्या नावात म्हणजे माझ्याच नावात एक अक्षर चुकीचं, आणि जन्मस्थळापुढे नुसतं "वर्धा", तालुका-जिल्हा काही नाही. तिथल्या तिथे दुसरा दाखला काढून घेतला. ही कटकट वाटेल, पण मूल शाळेतून गेल्यावर नाव, जन्मतारीख, जात यांतली दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय होत नाही, आणि पुढे जातीच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत हाच कागद काढला जातो.

मला वाटलं संपलं. पेढे नाही, पण तर्री पोहे आणून खाल्ले.

ऑगस्टमध्ये नागपूरच्या शाळेतल्या बाबूंचा फोन. "ताई, पोरीचं नाव अजून तिकडंच दाखवून राहिलं." कागदी दाखला वेगळा आणि कुठलं मूल कुठल्या शाळेत आहे त्याची सरकारी नोंद ठेवणारं यूडायस पोर्टल वेगळं, हे तेव्हा समजलं. प्रत्येक मुलाला पेन म्हणतात तसा एक कायमचा क्रमांक असतो. जुन्या शाळेने पोर्टलवर "दाखला घेऊन गेला" अशी नोंद केली की मूल ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, जातं, आणि मग नवी शाळा पेन आणि जन्मतारीख टाकून त्याला आपल्याकडे ओढून घेते. जुन्या शाळेने ती नोंद केली नाही तर मूल तिथेच. वर्गात सातवीचं गणित करणारी मुलगी सरकारच्या लेखी तीनशे कोसांवर.

बाबूंना घाई असण्याचं कारणही होतं. अनुदानित शाळेत 30 सप्टेंबरच्या पटावर संच मान्यता होते, म्हणजे किती शिक्षक मंजूर ते ठरतं. पोर्टलवर आधारसह न दिसणारं मूल त्या पटात धरलं जात नाही. एका मुलाने वर्गाची गणितं फिरू शकतात. पुण्याच्या शाळेला याचं काय सोयरसुतक? तिथे माझी लेक म्हणजे एक राहून गेलेलं क्लिक.

पुन्हा फोन सुरू. आधी उत्तर मिळालं, आम्ही सोडलं आहे. बाबू म्हणाले, नाही सोडलं. मग, प्रोग्रेशन चालू आहे, म्हणजे सगळ्या मुलांना वरच्या वर्गात टाकायचं काम, ते झाल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. हे काही अंशी खरं असतं, म्हणून थांबले. मग, साइट बंद आहे. त्याच वेळी बाबू त्यांच्या स्क्रीनवर तीच साइट उघडून बसलेले. आणि शेवटी जे उत्तर मिळालं ते मी डायरीत लिहून ठेवलं आहे: पोर्टल बघणाऱ्या मॅडम नोकरी सोडून गेल्या आणि पासवर्ड त्यांच्याकडे आहे.

मॅडमना दाखला मिळाला असेल ना, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं.

इथे पत्राने काम झालं नाही. काम झालं ते बाबूंमुळे. त्यांनी नव्या शाळेच्या लॉगिनमधून रिलीज रिक्वेस्ट, म्हणजे मुलीला सोडा अशी विनंती, पाठवली, तिचा स्क्रीनशॉट मला दिला, आणि पुण्याकडच्या शिक्षण विभागाच्या साधन केंद्रात पोर्टलचं काम बघणाऱ्या माणसाचा नंबर कुठून तरी मिळवला. प्रत्येक तालुक्याला असा माणूस असतो, पालकांना ते कुणी सांगत नाही. त्या माणसाशी बाबू बोलले, मी बोलले, स्क्रीनशॉट आणि एलसीचा फोटो पाठवला. त्याने शाळेला काय सांगितलं माहीत नाही, पण हरवलेला पासवर्ड त्याच आठवड्यात सापडला. तीस तारखेच्या आत लेक नागपुरात दाखल झाली. बाबूंनी मला बोलावून स्क्रीनवर तिचं नाव दाखवलं, मी त्याचा फोटो काढला. लेकीला त्याचं काही नाही. तिने विचारलं, मग आतापर्यंत मी शाळेत नव्हते का?

तर, पेन क्रमांक पुणं सोडण्याआधीच मागून ठेवा, गुणपत्रकावर नसेल तर वर्गशिक्षकांना मेसेज करून. आणि एलसी घेतानाच विचारा, पोर्टलवर सोडलं का, दाखवा. दाखवत नाहीत तोवर नव्या शाळेच्या ऑफिसशी गोड राहा. तसंही राहायलाच हवं.

मघाशी राहिलं: भाडेकरार. नागपुरात बरेच घरमालक म्हणतात, जाऊ द्या ना ताई, नोटरी करून टाकू. ऐकू नका. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार नोंदवणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची. आधारचा पत्ता बदलायला, नवा गॅस घ्यायला आम्हाला नोंदणीकृत करारच कामी आला. तो हाती असला की बाकी पत्ते घरबसल्या बदलतात. गाडीचा नंबर एमएच 14 चाच राहतो, राज्य तेच असल्यामुळे, फक्त आरसीवर पत्ता बदलायचा. गॅस मात्र पुण्यात सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून व्हाउचर घेतल्याशिवाय निघू नका, भरलेला सिलिंडर पॅकर्सवाले ट्रकमध्ये चढवू देत नाहीत.

शाळेची अनामत रक्कम अजून आलेली नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो असं आता सांगतात. अर्ज केला आहे, पोच नणंदेकडे आहे.