मातीसकट बॅलन्सिंग

दिवाळी झाली, कापूस घरात यायला लागला आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्या पिकअपचं स्टेअरिंग थरथरायला लागलं. वडकीहून हिंगणघाटच्या जिनिंगवर कापूस न्यायचा म्हणजे नागपूर–हैदराबाद हायवे. त्याचा नंबर ४४ होऊन जमाना झाला, पण आमच्याकडची जुनी माणसं अजून ‘सात नंबर’च म्हणतात. गावाच्या पांदण रस्त्यावर गाडी ४० च्या वर जातच नाही, म्हणून तिथं काही कळत नव्हतं. हायवेला लागून काटा ६५ वर गेला की तळहाताला मुंग्या यायच्या. ७५ ला तर स्टेअरिंग असं नाचायचं की डॅशबोर्डवरची सुपारीची डबी सरकत सरकत खाली. आणि गंमत म्हणजे ९० ला पुन्हा जरा शांत.

तालुक्याच्या मेकॅनिकनं पुढचं चाक जॅकवर घेतलं, दोन्ही बाजूंनी आडवं धरून हलवलं आणि निकाल दिला, “टाय रॉड एंड गेले भाऊ. दोन्ही बदलून टाकू.” म्हणजे स्टेअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यांच्या टोकांचे सांधे. डाव्या बाजूला खेळ होता, तो मी पण हातानं पाहिला. उजवा मला धडधाकट वाटत होता, पण ऐन सीझनात वाद कोण घालतो. दोन्ही बदलले. थरथर जशीच्या तशी.

मग टायरच्या दुकानात गेलो. तिथं अलाइनमेंटपासून, म्हणजे चाकांची दिशा सरळ जुळवण्यापासून सुरुवात. आता कळतं की तो खर्च या दुखण्याचा नव्हताच. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं घासतो. ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरणं हे बहुतेक वेळा चाकाच्या वजनाचं किंवा गोलाईचं काम. असो. सोबत बॅलन्सिंगही झालं, म्हणजे चाक मशीनवर फिरवून हलक्या बाजूला शिशाची छोटी वजनं ठोकायची आणि तोल साधायचा. उजव्या चाकाला मशीननं आतल्या बाजूला ७० ग्रॅम दाखवले, पोरानं वजनं ठोकली, आकडा शून्यावर आला. परतताना गाडी पाण्यावरून चालावी तशी. घरी फोन करून सांगितलंसुद्धा, झालं काम म्हणून.

चार दिवसांनी पुन्हा तेच.

त्या दिवशी वैतागून अंगणात गाडीखाली डोकावत होतो, तर उजव्या चाकाजवळ मातीचा एक ढेकूळ पडलेला. आपल्या काळ्या मातीचा, वाळून दगड झालेला. पण साधा ढेकूळ नव्हे. नारळाच्या खापासारखा वाकडा, एक बाजू खडबडीत आणि दुसरी एकदम गुळगुळीत. त्यावर रिमच्या रंगाची एक खपलीही चिकटलेली. आतून रिमकडे पाहिलं तर तेवढाच एक तुकडा स्वच्छ, बाकी सगळीकडं मातीचा थर. आणि त्या स्वच्छ जागेच्या बरोब्बर समोर, पलीकडच्या कडेवर, दुकानातल्या पोरानं ठोकलेली वजनं.

कापसाच्या काट्यावर ग्रॅम दिसत नाहीत, म्हणून ढेकूळ घेऊन किराणा दुकानात गेलो. काकांनी काट्यावर ठेवू दिला, पण वर विचारलंच, “काय भाव लावला मातीचा?” ८५ ग्रॅम भरला. रिमच्या कडेपेक्षा जरा आत चिकटलेला होता, म्हणजे मशीनच्या ७० ग्रॅमशी हिशेब जुळत होता.

म्हणजे झालं असं होतं. वेचणीच्या वेळी गाडी ओल्या वावरातून काढली, चिखल रिममध्ये आतून बसला आणि वाळला. दुकानात चाक न धुता मशीनवर चढवलं. मशीन बिचारं मातीला पण चाकच समजलं आणि तिच्या तोलाचं वजन मागितलं. चार दिवसांत हायवेच्या हादऱ्यानं माती गळाली, वजनं तेवढी राहिली. आधी मातीनं थरथरत होती, आता शिशानं.

७० ग्रॅम म्हणजे काय मोठं, असं मलाही वाटलं. पण हिशेब करून पाहा. १५ इंची रिम आणि ७० सेंटिमीटर उंचीचं चाक ८० च्या वेगाला सेकंदात दहा फेरे घेतं. रिमच्या कडेवरचे ते ७० ग्रॅम प्रत्येक फेऱ्यात साधारण साडेपाच किलोचा हिसका देतात, सेकंदाला दहा वेळा. हा हिसका वेगाच्या वर्गानं वाढतो. ४० ला तो चौथाईवर येतो, म्हणून पांदणीत काही कळत नाही. ९० ला हिसका मोठा असूनही गाडी जरा शांत, कारण ७५ च्या आसपास हिसक्याची लय स्टेअरिंगच्या स्वतःच्या लयीशी जुळते आणि पुढं ती सुटते.

खुरप्यानं खरडून, पाण्याचा पाइप मारून चारही रिम आतून धुतल्या. यावेळी हायवेवरच्या दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या पोरानं आधी सगळी जुनी वजनं पकडीनं उपटली, मगच चाक फिरवलं. उजवं १५ ग्रॅमवर आलं, डावं २० वर. चाक बसवताना नट एका ओळीत न आवळता समोरासमोरचे आळीपाळीनं आवळले, हे पाहून जीवात जीव आला. ७५ ची नाचानाच गेली.

पण सगळं गेलं नाही. ५० च्या आसपास एक बारीक धडधड उरली, आधी त्या थरथरीत झाकली गेली होती. पोराला विचारलं, मशीनवर तर शून्य आहे. तो म्हणाला, “भाऊ, मशीन वजन सांगते. टायर गोल हाय का नाही, थे तिले काय मालूम?”

ब्रेक दाबताना धडधड वाढत नव्हती, म्हणजे डिस्कवर संशय नको. क्लच दाबून पाहिला तरी तीच, म्हणजे इंजिनही सुटलं. राहिला प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना फिरवणाऱ्या लांब दांड्याचा, क्रॉस नावाचा सांधा, पण त्याचा कंप फ्लोअरमधून बुडाखाली येतो, हातात नाही. मग डावं पुढचं चाक डाव्याच बाजूला मागं टाकलं आणि रिकामी गाडी सावकाश चालवली. स्टेअरिंग गप्प, सीट बोलायला लागली. चोर सापडला.

खात्री करायला ते चाक परत पुढं लावून जॅकवर घेतलं, खाली ठोकळे दिले, दोन विटांमध्ये पऱ्हाटीची काडी दाबून तिचं टोक टायरला टेकेल न टेकेल असं ठेवलं आणि चाक हातानं फिरवलं. एका जागी काडी घासायची, पुढं गेलं की मधून बोट सरकावं एवढी फट. काडी रिमच्या कडेला लावली तर तिथं फट सारखीच. म्हणजे रिम वाकडी नव्हती, टायरच्या आतला पट्टा सुटला होता. त्या जागेवर हात फिरवला तर फुगवटाही लागला, डोळ्यानं दिसत नव्हता. हा टायर म्हणजे माझीच जुनी स्टेपनी, पावसाळ्यात पंक्चर झाल्यावर लावलेली आणि विसरलेली. बाजूवर शिक्का २२१९, म्हणजे २०१९ चा २२ वा आठवडा. असा टायर भरल्या गाडीला पुढं लावून मी महिनाभर हायवेवर फिरलो, ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

पुढं दोन नवे टायर घातले आणि स्टेपनी भंगारात दिली. वावरातून निघालो की रिमच्या आत पाइप मारतो. बायको म्हणते, अंगण धुवायला कधी एवढं पाणी मारलं नाही. ९५ ला अजून थोडीशी गुणगुण येते. कापूस भरून ९५ नं कोण जातो, म्हणून तिच्या मागे लागलो नाही.