उद्यमबागेतले ग्राइंडर आणि चावीची घड्याळे

चावीचे घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटे पुढे पळू लागले, तर ते उघडून तेलपाणी करून घेण्याआधी होकायंत्राजवळ धरून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पोलादी भागांमुळे सुई थोडी ओढली जाणारच. पण घड्याळ फिरवल्यावर तीच सुई दूर ढकलली गेली, तर आत चुंबकत्व शिरले आहे असे खुशाल समजावे.

बेळगावात ही तक्रार उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराच्या मनगटावर उद्भवली, तर नवल वाटू नये. सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे धातूचा पृष्ठभाग घासून सपाट करणाऱ्या यंत्रावर, जॉब (घासायचा तुकडा) पकडून ठेवणारा मॅग्नेटिक चक, म्हणजे चुंबकी पकड, पोलादी तुकडा जागचा हलू देत नाही, आणि तो जॉब बसवताना घड्याळ घातलेला हात नेमका चकला लागून जातो. केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकत्वाने एकमेकांना चिकटले की स्प्रिंगची कामाची लांबी घटते, घड्याळाची चाल ठरवणारे बॅलन्स व्हील भरभर झुलू लागते आणि काटे पुढे धावतात. एचएमटी जनतासारख्या साध्या घड्याळात यंत्राभोवती चुंबकत्व अडवणारे मऊ लोखंडाचे कवच नसते. तसे कवच आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीच्या १९५५ च्या इंजेनिअर घड्याळात होते. १९५६ च्या रोलेक्स मिलगॉसचे तर नावच १,००० गॉसवरून (गॉस हे चुंबकी क्षेत्र मोजण्याचे एकक) पडले. २०१३ मध्ये ओमेगाने कवचाऐवजी यंत्राचे भागच चुंबकाला न जुमानणाऱ्या पदार्थांचे करून १५,००० गॉसपर्यंत मजल मारली, पण त्या किमतीत आपल्याकडे बरी मोटारसायकल येते.

आपल्या हाती आहे ते अंतर. छोट्या चुंबकाचा जोर अंतर दुप्पट झाले की साधारण आठव्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे पर्सच्या चुंबकी बटणावर किंवा स्पीकरवर घड्याळ टेकवून ठेवणे वाईट, वीतभर लांब ठेवणे निर्धोक.

चुंबकत्व काढणे मात्र मिनिटाचे काम आहे. डिमॅग्नेटायझरच्या कॉइलमधून एसी, म्हणजे दिशा सतत बदलणारा, विद्युतप्रवाह वाहतो. बटण दाबून धरूनच घड्याळ हळूहळू हातभर दूर न्यावे आणि मगच बटण सोडावे. कॉइलजवळ असतानाच बटण सोडले, तर होते त्याहून जास्त चुंबकत्व मागे राहू शकते. एवढ्या कामासाठी कोणी नवी हेअरस्प्रिंग सुचवली, तर आधी होकायंत्र मागावे.

ग्राइंडरवर पाळी असेल त्या दिवशी सेलवर चालणारे क्वार्ट्झ घड्याळ घालणे सोयीचे: चुंबकाजवळ तेही अडखळते, पण दूर नेले की बहुधा पूर्ववत चालते, फक्त वेळ पुन्हा लावावी लागते.