सबटायटल्सची मोहीम: ४१ डिस्क झाल्या, २३ बाकी

माझ्या ६४ डीव्हीडी आणि ब्लू-रे डिस्कवरचे सिनेमे सबटायटल्ससकट संगणकावर उतरवतोय, ती ही मोहीम. मागच्या नोंदीनंतर आणखी १२ डिस्क हातावेगळ्या झाल्या. ६४ पैकी ४१. पण या १२ मधल्या ९ आधी एकदा झालेल्याच होत्या. सबटायटल्स गेली म्हणून त्या पुन्हा कराव्या लागल्या, तेव्हा आजची नोंद फक्त त्याबद्दल.

घोळ लक्षात आला तो आईमुळे. तिला संगणकावर उतरवलेला एक सिनेमा लावून दिला होता. मध्येच दोन पात्रं मिनिटभर परक्या भाषेत बोलायला लागली आणि ती म्हणाली, "काय म्हणतायत रे ते?" स्क्रीनवर काहीच नव्हतं. मूळ डिस्क प्लेअरमध्ये घातली, सबटायटल्स बंद ठेवली, तरी तिथे त्या ओळी व्यवस्थित आल्या.

याच फोर्स्ड ओळी. डीव्हीडीत सबटायटलच्या प्रत्येक चित्राबरोबर ते केव्हा दाखवायचं याची आज्ञा असते, आणि "काहीही झालं तरी दाखव" अशी एक वेगळी आज्ञाही असते. ब्लू-रेमध्ये तशीच खूण चित्रावर असते. गंमत अशी की बऱ्याचदा या ओळींचा ट्रॅक वेगळा नसतोच. हजारभर ओळींच्या पूर्ण इंग्रजी ट्रॅकमध्ये त्या पंधरा-वीस ओळी विखुरलेल्या असतात. "मला इंग्रजी कळतं, सबटायटल्स कशाला" म्हणून मी तो ट्रॅक वगळला आणि त्यासोबत त्याही गेल्या.

हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये परक्या भाषेच्या संवादांचा शोध घेण्याची सोय आहे. एक जास्तीची फेरी मारून, ज्या ट्रॅकमध्ये अगदी थोड्या ओळी आहेत तो तो निवडतो. माझ्याकडे काही डिस्कवर ते जमलं, काहींवर नाही. आता मी आधी मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने डिस्कची जशीच्या तशी एमकेव्ही (चित्र, आवाज, सबटायटल्स एकत्र ठेवणारी फाइल) काढतो, पूर्ण ट्रॅकबरोबर "फक्त फोर्स्ड" ट्रॅकही घेतो, आणि त्यातलं एकही सबटायटल न टाकता ती फाइल बाजूला ठेवतो. एन्कोडिंग (व्हिडिओ दाबून फाइल लहान करणं) त्यानंतर. शेवटी एमकेव्हीटूलनिक्स या एमकेव्ही फाइल्स जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये छोट्या ट्रॅकचा फोर्स्ड फ्लॅग, म्हणजे "हा दाखवच" ही खूण, चालू करायचा. विसरलात तरी घाबरू नका, त्यातलंच एमकेव्हीप्रॉपएडिट हे साधन फक्त हेडर (फाइलमधली ट्रॅकची माहिती) बदलतं, काही सेकंदांचं काम.

एफएफएमपेग (आज्ञा टाइप करून चालवायचं व्हिडिओ रूपांतराचं साधन) वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: कोणते ट्रॅक घ्यायचे हे सांगितलं नाही, तर ते प्रत्येक प्रकारचा जास्तीत जास्त एकच ट्रॅक घेतं. मॅपच्या पर्यायात शून्य देऊन सगळं घ्या आणि सबटायटल्सना कॉपी सांगा. माझ्या ९ पैकी ४ फाइल्स इथेच बिघडल्या होत्या. आणि डबा, म्हणजे फाइलचा प्रकार, एमकेव्हीचाच घ्या. ब्लू-रेची चित्ररूप सबटायटल्स एमपी४ मध्ये बसत नाहीत, मग सॉफ्टवेअर ती एक तर चित्रात कायमची छापतं किंवा गाळतं. छापलेलं पुन्हा काढता येत नाही, म्हणून मी त्या वाटेला जातच नाही.

आता रंगांचं. एका जुन्या डीव्हीडीच्या नुसत्या व्हीओबी (सिनेमाच्या) फाइल्स मी कॉपी करून ठेवल्या होत्या. त्यातून निघालेली अक्षरं हिरवी, कडा गुलाबी. कारण सोपं निघालं: डीव्हीडीच्या सबटायटल चित्रात रंग नसतात, फक्त चार क्रमांक असतात. कुठल्या क्रमांकाला कुठला रंग, याची १६ रंगांची पेटी आयएफओ (डिस्कबद्दलची माहिती ठेवणाऱ्या) फाइलमध्ये असते, आणि तीच मी कॉपी केली नव्हती. ट्रॅक आयडीएक्स आणि सब अशा दोन फाइल्सच्या जोडीत काढला तर आयडीएक्स ही साधी मजकुराची फाइल असते. त्यात "पॅलेट" नावाची एक ओळ दिसते, १६ आकडे स्वल्पविरामांनी वेगळे केलेले. योग्य जागी पांढरा आणि काळा घातला, फाइल सेव्ह केली, आणि अक्षरं पुन्हा पांढरीशुभ्र! या मोहिमेत इतका आनंद दुसऱ्या कशाने झाला नाही.

चित्रांवरून एसआरटी (सबटायटल्सची साधी मजकुराची फाइल) बनवायला सबटायटल एडिट हे सॉफ्टवेअर वापरतो, आत टेसरॅक्ट हे चित्रातली अक्षरं ओळखणारं इंजिन. इंग्रजीत कॅपिटल आय आणि स्मॉल एल यांची अदलाबदल होते, तिरप्या अक्षरांत शब्द चिकटतात, गाण्याच्या खुणेचं (♪) इंग्रजी "जे" अक्षर होतं. तासाभरात दुरुस्त होतं. देवनागरीचं मात्र अवघड आहे. हिंदी सबटायटल्सची एक डिस्क घेतली, तर भ चा म, घ चा ध, आणि अनुस्वार निम्मे गायब. ७२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात तो टिंब असतो दोन-तीन पिक्सेलचा, इंजिनाने तरी काय करावं? तिथे मी एसआरटीचा नाद सोडला आणि मूळ चित्रंच ठेवली. तसंही एसआरटी झाली तरी चित्रांचा ट्रॅक काढू नका. व्हिडिओच्या मानाने त्याचा आकार किरकोळ असतो.

काळ्या पट्ट्या कापणाऱ्यांनी ओळी कुठे आहेत ते आधी बघा. १०८० ओळींच्या चित्रातला सिनेमा ८०० चा असेल तर खाली १४० ओळींची पट्टी जाते, आणि काही डिस्कवर सबटायटलची दुसरी ओळ नेमकी तिथेच असते. कुठला प्लेअर ती वर सरकवतो, कुठला कापतो. अशा डिस्कच्या पट्ट्या मी कापत नाही.

शेवटची सापडलेली गोष्ट सगळ्यात मोलाची. एका अमेरिकन डीव्हीडीच्या मेनूत सबटायटल्स नव्हतीच, म्हणून मी ती सोडून दिली होती. पण तिथल्या कितीतरी डिस्कवर क्लोज्ड कॅप्शन्स (कमी ऐकू येणाऱ्यांसाठी संवाद आणि आवाज लिहिलेल्या ओळी) व्हिडिओच्याच प्रवाहात लपवलेली असतात. पूर्वी टीव्ही ती उलगडून दाखवायचा. एचडीएमआयमधून ती जात नाहीत, आणि व्हिडिओ नव्याने एन्कोड करताना काळजी घेतली नाही तर कायमची जातात. सीसीएक्स्ट्रॅक्टर हा अशा कॅप्शन्स काढणारा प्रोग्रॅम मूळ फाइलवर चालवला आणि पूर्ण एसआरटी हाती आली, दाराची बेल, पावलांचा आवाज, सगळ्यासकट. आईला हल्ली कमी ऐकू येतं, तिला नेमकं हेच हवं असतं.

उरलेल्या २३ मध्ये सात पाल (सेकंदाला २५ फ्रेमच्या टीव्ही पद्धतीच्या) डिस्क आहेत. त्यात सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा २५ ने पळवलेला असतो, म्हणजे दोन तासांचा सिनेमा जवळपास पाच मिनिटं आधी संपतो. त्यांची सबटायटल्स ब्लू-रेच्या चित्रावर बसवायची तर सगळ्या वेळा त्याच प्रमाणात ताणाव्या लागतील. पहिली डिस्क रविवारी घेतोय.