काकांचा व्हर्नियर आणि सात गिअरची ग्रिप

जुन्या गिअरच्या सायकलींना गिअर बदलायला हँडलची मूठच फिरवायची असते ना, ट्विस्ट ग्रिप, तिला आमच्या लाइनमधे हलका माल समजतात. तशी सायकल स्टँडला लागायच्या आधीच मेकॅनिक सांगून मोकळा होतो की हे काढा आणि अंगठ्याचे लिव्हर टाका. मला हे कधी पटलं नाही, आणि मागच्या श्रावणात एक केस आली त्यानंतर तर मी याबाबतीत चांगलाच हट्टी झालोय. सविस्तर लिहितोय कारण जुनी ग्रिप बदलताना नेमकं कुठे गाडं अडतं ते यात सगळं आलंय.

माझं दुकान कोथरूडला, डहाणूकर कॉलनीजवळ. त्या दिवशी सकाळपासून भुरभुर चालू होती, गिऱ्हाईक कमी, आणि एक काका सायकल हातात धरून वारज्याहून चालत आले. सत्तरीचे असतील, बरोबर नात, इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षाला. काका भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममधे, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या विभागात होते, कंपनीत एक जर्मन साहेब काही वर्षं राहिला होता, तो परत जाताना ही सायकल काकांना देऊन गेला. अॅल्युमिनियमची फ्रेम, पुढे तीन चकत्या मागे सात, आणि ठेवलेली अशी की चेनला हात लावला तर हात काळा होणार नाही. रिटायर झाल्यापासून काका रोज पहाटे शिवणे, उत्तमनगर करत एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या गेटपर्यंत जाऊन येतात.

तक्रार अशी की उजव्या ग्रिपचे गिअर टिकेनात. चढावर दोन नंबरला ठेवला की आपोआप तीनवर जायचा, मग काका एका हाताने ग्रिप दाबून धरून चढ चढायचे. शिवाय वरचं रबर वितळून गुळासारखं चिकट झालेलं. नातीने ऑनलाइन बघून सात स्पीडची नवी जोडी मागवली, घराजवळच्या एका दुकानात बसवून घेतली, आणि तिथून खरा त्रास सुरू झाला कारण नवी ग्रिप लावल्यावर गिअर लागेचनात. त्या दुकानात दोन वेळा केबल ताणून झाली, सैल करून झाली, शेवटी त्यांनी सांगितलं की मागचा हँगर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारं डिरेलर ज्याला टांगलेलं असतं तो कान, गेलाय, फ्रेमही वाकली असेल, लिव्हर लावून बघा नाहीतर भंगारात द्या आणि नवी घ्या.

मी स्टँडला लावली. माझी पद्धत अशी आहे की मूठ खराब आहे असं कोणी म्हणालं की आधी मुठीला हात लावायचा नाही, कारण दहातल्या बऱ्याच केसमधे मूठ चांगली असते, केबल सडलेली असते. पावसाळ्यात आउटरमधे, म्हणजे केबलच्या वरच्या नळीत पाणी जातं, इनर म्हणजे आतली तार गंजते, ग्रिप फिरवायला जड होते आणि माणसाला वाटतं ग्रिप झिजली. म्हणून चेन सगळ्यात छोट्या चकतीवर घेतली, डिरेलरपाशी केबलचा बोल्ट सैल केला आणि नुसती ग्रिप फिरवून बघितली. नवीच होती, सहाही क्लिक खणखणीत. हँगरला गेज लावला, सरळ. चेन मोजली, तिच्यात अजून जीव होता. एक चूक मात्र लगेच दिसली, गिअरला ब्रेकची आउटर वापरलेली. ब्रेकची आउटर पाच मिलीमीटरची, आत पत्तीचं वेटोळं असतं, ताण आला की दबते. गिअरची चार मिलीमीटरची, तिच्यात तारा लांबीने उभ्या असतात त्यामुळे ती दबत नाही. क्लिकवाल्या गिअरला ब्रेकची आउटर लावली की प्रत्येक गिअर थोडा थोडा चुकतो. ती बदलली, नवी इनर टाकली, तरी तेच. सहा क्लिक पूर्ण दिले तरी चेन छोट्या चकतीपासून जेमतेम पाचव्या चकतीपर्यंत यायची, वरच्या दोन मोठ्या चकत्या येतच नव्हत्या. केबल ताणून त्या दोन आणल्या की खालच्या छोट्या जायच्या.

हे दिसलं की डोक्यात दुसरं काही यायलाच नको. मी फडक्याने डिरेलर पुसलं, त्यावर नाव होतं स्राम, ३.० मॉडेल. आणि नवी ग्रिप शिमानोची रेव्होशिफ्ट. दोन्ही सात स्पीडचे, दोन्ही चांगल्या कंपन्यांचे, आणि एकमेकांशी जन्मात जमणार नाहीत.

कारण सांगतो. सात स्पीडच्या फ्रीव्हीलमधे, म्हणजे मागच्या चकत्यांच्या जुडग्यात, एका चकतीपासून दुसरीपर्यंत अंतर साधारण पाच मिलीमीटर, ते दोन्ही कंपन्यांना सारखंच. पण डिरेलर पाच मिलीमीटर सरकवायला केबल किती ओढायची हे ज्याचं त्याचं वेगळं. शिमानोच्या त्या काळातल्या डिरेलरला केबल एक मिलीमीटर ओढली की ते साधारण एक पूर्णांक सात मिलीमीटर सरकतं, म्हणून ग्रिप एका क्लिकला तीनच्या किंचित आत ओढते. स्रामने वेगळी वाट धरली, त्यांचं जवळजवळ एकास एक, त्यामुळे त्यांची ग्रिप एका क्लिकला साडेचारच्या आसपास ओढते. स्राम कंपनी १९८७ मधे शिकागोत सुरू झाली ती या फिरत्या ग्रिपवरच, सुरुवातीचा माल इतरांच्या डिरेलरवर चालणारा होता, स्वतःचं डिरेलर नंतर आलं आणि त्याबरोबर हे एकास एक आलं. म्हणजे स्रामची ग्रिप आहे म्हणून डिरेलरही त्याच मापाचं असेल असंही धरून चालत नाही, कारण शिमानोच्या मापाच्या ग्रिपही त्यांनी बनवल्यात. बॉक्सवर सात स्पीड लिहिलेलं असतं ते सगळे वाचतात, ओढ कोणी बघत नाही.

मी हे काकांना सांगत होतो आणि ते मधेच म्हणाले, "किंचित आत म्हणजे किती? आकडा सांग."

मी म्हटलं, "काका, पुस्तकातला आकडा दोन पूर्णांक नऊ."

"पुस्तकातला नको, मोजू." आणि पिशवीतून कापडी म्यानातला व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, काढला. जुनी झिजलेली ग्रिपही त्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून आणली होती, ती बघून काय करायचं ते ठरवता येईल म्हणून. टूलरूमचा माणूस काढलेला पार्ट फेकत नाही.

मग आम्ही दोघांनी ते रीतसर केलं. एक पाइप व्हाइसमधे धरला, त्यावर नवी ग्रिप बसवली, केबलच्या टोकाला पान्यांचा जुडगा बांधून ताण दिला, जिथे केबल बाहेर येते तिथे मार्करने बारीक रेघ मारली. मी एकेक क्लिक मोजत एक नंबरपर्यंत ग्रिप फिरवली आणि काकांनी एकदम सहा क्लिकचं अंतर घेतलं. एकेका क्लिकला मोजायचं नाही म्हणाले, त्यात हाताची चूक मोठी दिसते, एकूण घ्यायचं आणि सहाने भागायचं. साडेसतराच्या जवळ आलं. मग जुनी स्रामची ग्रिप लावली, तिचे क्लिक मऊ पडलेले, तरी सत्तावीसच्या आतबाहेर. नातीने तिथेच मोबाइलवर भागाकार केला, एकीकडे दोन पूर्णांक नऊ, दुसरीकडे साडेचार. काका काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली आणि सायकलच्या फ्रेमवरून हात फिरवला. जी फ्रेम वाकली म्हणून भंगारात घालायला सांगितली होती ती सरळ होती, हे त्यांना आता कोणी सांगायची गरज उरली नव्हती.

हे चालू असताना मला एक दिसलं होतं. काका उजव्या हाताचे, सही करणारे, पाना धरणारे, पण व्हर्नियर डाव्या हातात धरत होते. व्हर्नियरचा जबडा अंगठ्याने सरकवावा लागतो. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर नव्हतं.

नात म्हणाली, "दादा, मग सरळ लिव्हरच टाकू का? ते तर कुठेही मिळतात, आणि त्या दुकानात पण तेच सांगत होते."

मी काकांकडे बघितलं. त्यांनीच हात पुढे केला. "पॉवर प्रेसवर गेलं हे, एकोणनव्वद साली. पुतण्याच्या सायकलला लिव्हर आहेत, चालवून बघितली मी. सपाटीला चालतं. चढावर गिअर खाली घ्यायचा तर जोर लागतो आणि हे घसरतं."

अगदी बरोबर आहे ते. मागची मोठी चकती घ्यायची म्हणजे केबल डिरेलरच्या स्प्रिंगच्या विरुद्ध ओढायची, तो जोर लिव्हरमधे अंगठ्याच्या टोकावर येतो, आणि तो लागतो नेमका चढावर. ट्विस्ट ग्रिप अख्ख्या तळव्याने फिरते. साहेबाने दिलेली सायकल काका इतकी वर्षं का चालवत राहिले याचं अर्धं उत्तर त्या मुठीत होतं. उलटंही असतं, मनगटाचा संधिवात असलेल्या एका मावशींची ग्रिप काढून मी लिव्हर लावलेत आणि त्यांना ते सुखाचं झालंय. हात बघायचा आधी, मग पार्ट बोलायचा. दुकानात शंभर रुपयाचं काम असो की दहा हजाराचं, गिऱ्हाईकाचा हात एकदा बघायला काही लागत नाही आणि तरी तो बघितला जात नाही याची मला मनापासून चीड आहे.

तर उपाय दोनच होते. एक, स्रामची तशीच सात स्पीडची एकास एकवाली ग्रिप शोधायची. पुण्यात ओळखीच्या सगळ्यांना फोन फिरवले, कोणाकडे नाही, बाहेरून मागवायची तर कधी येईल सांगता येत नाही. दुसरा, नवी ग्रिप आहे तशी ठेवायची आणि मागचं डिरेलर शिमानोचं टाकायचं. साधं टूर्नी, लांब पिंजऱ्याचं, कुठेही मिळतं, आणि ग्रिप पुन्हा कधी झिजली तर तीही मिळेल. फक्त घेताना बघावं लागतं की थेट हँगरला बसणारं आहे का, कारण तेच डिरेलर ब्रॅकेटसकटही येतं, स्वतंत्र हँगर नसलेल्या सायकलींसाठी. काका म्हणाले दुसरा. मी दुपारी पोऱ्याला पाठवून डिरेलर आणलं.

तो येईपर्यंत नातीला जुनी ग्रिप उघडून दाखवली. आत काही मोठं यंत्र नसतं, एक प्लॅस्टिकचं नळकांडं, त्यावर खाचांची रांग, आणि त्या खाचांत बसणारी स्टीलची वाकवलेली पत्ती. डिरेलरची स्प्रिंग केबलला सतत मागे ओढत असते, ग्रिपला जागेवर धरून ठेवते ती फक्त ही पत्ती. दोन आणि तीन नंबरच्या मधला खाचेचा कडा, जो टोकदार असायला हवा, तो नखाने चाचपला तरी लागेना, नुसता उतार उरलेला. एनडीएच्या वाटेवरच्या चढाला काका रोज तोच गिअर घ्यायचे. बाकी खाचा बऱ्या होत्या. प्लॅस्टिकला पुन्हा कडा आणता येत नाही, म्हणून झिजलेली ग्रिप बदलायचीच, पण नुसती जड झालेली असेल तर उघडून पुसून प्लॅस्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं की बऱ्याचदा पुन्हा चालते. आत रॉकेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, असलेलं ग्रीस धुऊन निघतं.

बसवणं तसं सोपं. ट्विस्ट ग्रिपबरोबर बाहेरची मूठ अर्धी लागते, पूर्ण लांबीची मावत नाही. फिरणारा भाग आणि बाहेरची मूठ यांच्यामधे पातळ प्लॅस्टिकची वॉशर असते, ती आधीच्या दुकानात लावलीच नव्हती, त्यामुळे ग्रिप फिरवली की बाहेरची मूठही घासत होती आणि काकांना ती जड वाटत होती. ब्रेक लिव्हर थोडं आत सरकवलं म्हणजे केबलचा नळा त्याला अडत नाही. स्क्रू हलक्या हाताने आवळायचा, बॉडी प्लॅस्टिकची आहे, जोर केला की तडकते. आउटर कापली की तोंड सपाट घासायचं, आतली नळी टोच्याने उघडायची, टोपी लावायची. मग ग्रिप सातवर, चेन छोट्या चकतीवर, त्या बाजूची हद्द ठरवणारा एच स्क्रू, केबल हाताने ताठ करून बोल्ट आवळला, एकेक क्लिक देत मोठ्या चकतीपर्यंत, मग त्या बाजूच्या हद्दीचा एल स्क्रू. पहिल्याच फेरीत सातही गिअर लागले. डावी ग्रिप जोडीतली तीच राहू दिली, पुढच्या डिरेलरशी तिचं जमलं.

संध्याकाळी पाऊस उघडला तेव्हा काकांना म्हटलं सपाटीला नाही, पौड रोडवरून एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडे जायचा चढ आहे तिथे जाऊन या. गेले. नात दुकानात स्टुलावर बसून राहिली, दर दोन मिनिटांनी रस्त्याकडे बघत. बऱ्याच वेळाने आले, घामाघूम, आणि उतरायच्या आधीच म्हणाले, "दोनला टाकला आणि हात सोडून बघितला. हलला नाही."

मी सांगून ठेवलं होतं की नवी आउटर आणि टोप्या बसल्या की थोड्या दिवसांनी केबल सैल वाटेल, गिअर आळसावले तर डिरेलरच्या मागचा गोल नट अर्धा आटा बाहेर घ्या, दुकानात यायची गरज नाही. आठवड्याभराने काकांचा फोन.

"अरे, तो अर्धा आटा म्हणालास ना, मी पिच गेज लावला. एका आट्याला शून्य पूर्णांक आठ मिलीमीटरची पिच आहे. म्हणजे अर्ध्या आट्याला शून्य पूर्णांक चार मिलीमीटर केबल. बरोबर?"

"बरोबर काका."

"मला पाव आटाच पुरला. तीन आणि चारच्या मधे थोडी खरखर होती, गेली. आणि ऐक, आमच्या टूलरूममधला एक जण आहे चिंचवडला, त्याचीही अशीच फिरवायची ग्रिप आहे, त्याला लिव्हर लाव म्हणून सांगितलंय कोणीतरी. त्याला तुझ्याकडे पाठवतोय. येताना डिरेलरवरचं नाव वाचून यायला सांगितलंय."