अर्जदाराच्या बाजूने

समाजकार्य हा विषय मी का निवडला, असे मला अनेकदा विचारले जाते आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असते. लहानपणी पोलिओ झाला, उजव्या पायाला कॅलिपर लागले, हातात कुबडी आली, पुष्कळ सोसावे लागले, म्हणून वंचितांचे दुःख हिला आतून कळते, असे ते उत्तर. त्यामागे आपुलकी असते हे मी जाणते, तरी ते मला पटत नाही. माझा पाय अधू आहे म्हणून पारध्यांच्या पालावर रात्री पोलीस येतात तेव्हा आत झोपलेल्या मुलांना काय वाटते, हे मला कळत नाही. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाला गावात काय ऐकून घ्यावे लागते, तेही कळत नाही. ते त्या त्या माणसाला विचारावे लागते आणि ऐकताना आपल्या अनुभवाचे माप त्याच्या अनुभवाला लावण्याचा मोह आवरावा लागतो. अपंगत्वामुळे मी शिकले ते एवढेच की, कायद्यात लिहिलेला हक्क माणसाच्या दारापर्यंत येताना नेमका कोणत्या टेबलावर अडतो. माझ्या दृष्टीने हे ज्ञान सहानुभूतीपेक्षा कमी मोलाचे नाही.

माझा जन्म मराठवाड्यातल्या एका खेड्यातला. पल्स पोलिओ मोहीम देशात 1995 साली सुरू झाली आणि मला ताप आला तो त्याच्या आधी. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी वडील मला एसटीने जिल्ह्याच्या गावी नेत. तिथे वैद्यकीय मंडळ ठरलेल्या वारीच बसे, आणि एखाद्या डॉक्टरांची सही राहिली की पुढच्या आठवड्यात पुन्हा मजुरी बुडवून यावे लागे. पुढे बी.ए. झाल्यावर मला काम मिळाले तेही दाखल्यांचेच. तालुक्याच्या गावी अर्ज भरून देणाऱ्या सेतू केंद्रात मी काही वर्षे नोकरी केली. जात, उत्पन्न, अधिवास अशा सगळ्या दाखल्यांचे अर्ज माझ्या हातून जात असताना हळूहळू ध्यानात आले की, नियम सर्वांसाठी सारखे असले तरी ते करताना डोळ्यांसमोर असतो तो एका जागी घर असलेला, आजोबा शाळेत गेलेला आणि घरात कागदांची पेटी जपून ठेवणारा माणूस.

याचे सर्वांत ठळक उदाहरण विमुक्त जाती आणि भटक्या जमातींचे आहे. त्यांना जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांच्या पणजोबांना 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले, ज्यांची त्या शिक्क्यातून सुटका 31 ऑगस्ट 1952 रोजी झाली आणि त्यानंतरही ज्यांना गावाच्या हद्दीत फार दिवस टिकू दिले गेले नाही, त्यांच्याकडे 1961 च्या आधीचा घराचा उतारा किंवा शाळेचा निर्गम उतारा कुठून येणार? कागद नसेल तर स्थानिक चौकशी करून निर्णय घेण्याची वाट असते, परंतु ती वाट मागावी लागते, हे अर्जदाराला सांगणारे कोणी नसते. अर्ज परत येई, त्यावर पुराव्याअभावी नामंजूर असा शेरा असे, आणि तो माणूस हक्क नाकारला गेला असे न म्हणता आपलाच काहीतरी दोष असावा अशा चेहऱ्याने निघून जाई. केंद्रात बसून मी त्याचे कागद जुळवून देऊ शकत होते, पण पुराव्याचा सगळा भार त्याच्याच डोक्यावर का, हा प्रश्न विचारण्याचे बळ आणि शिक्षण माझ्यापाशी नव्हते. त्यासाठी मी समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज केला.

प्रवेश मला राखीव जागेतून मिळाला आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखून ठेवल्या आहेत, आणि हा अधिनियम मिळवण्यासाठी देशभरातल्या अपंग माणसांनी वर्षानुवर्षे रस्त्यावर आणि न्यायालयात झगडा दिला आहे. आधीच्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, ते नव्या कायद्यात 21 झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, आम्लहल्ल्यातून वाचलेली माणसे, पार्किन्सन असे पूर्वी कुठेच न मोजले गेलेले कितीतरी जण त्यात आले. कोणाच्या तरी लढ्यामुळे उघडलेल्या दारातून आपण आत आलो आहोत, ही जाणीव मला ओझे वाटत नाही, उलट आपण पुढे काय करायचे ते तिच्यामुळे ठरते.

या अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. आठवड्यातले ठरावीक दिवस वस्तीवर, रुग्णालयात किंवा संस्थेत जायचे, घरभेटी करायच्या, नोंदी लिहायच्या आणि मार्गदर्शकांशी त्यांवर चर्चा करायची. मला सुरुवातीलाच सुचवण्यात आले की, तांड्यावरचे काम झेपणार नाही, तेव्हा एखाद्या संस्थेच्या कार्यालयात बसून नोंदवह्या पाहाव्यात, गुण कमी पडणार नाहीत. सांगणाऱ्यांच्या मनात काळजीच होती, परंतु त्या काळजीने मला ज्या कामासाठी आले होते त्याच कामातून बाहेर काढले असते. मी लेखी उत्तर दिले. 2021 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार यांच्या प्रकरणात निकाल दिला होता. हाताच्या आजारामुळे लिहिता न येणाऱ्या या उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. अपंगत्व ठरलेल्या टक्केवारीइतके नाही म्हणून सोय नाकारता येणार नाही, आणि व्यक्तीच्या गरजेप्रमाणे योग्य ती सोय करून देणे हा समानतेचाच भाग आहे, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. त्याचा आधार घेऊन मी मोजक्या गोष्टी मागितल्या: साइड व्हील लावलेल्या स्कूटीने जाता येईल असे क्षेत्र, चढावरच्या घरांसाठी एक सहाध्यायी, आणि शक्य तिथे घरोघर फिरण्याऐवजी मारुतीच्या पारावर बैठक. त्या मान्य झाल्या, आणि पुढे असे दिसले की पारावरच्या बैठकीला एरवी घरभेटीत तोंड न उघडणाऱ्या सुनाही बोलू लागतात, कारण तिथे सासूबरोबर शेजारणीही असतात.

आपल्याकडे समाजसेवेचा आदर्श म्हणजे चंदनासारखे झिजणे. तो आदर्श उभा करणाऱ्या माणसांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे, परंतु माझ्या शरीराला तो परवडत नाही. पोलिओनंतर कित्येक वर्षांनी स्नायू पुन्हा दुर्बळ होऊ लागतात, पूर्वी न थकणारे हातपाय थकू लागतात, आणि अशा वेळी अतिश्रम केले तर उरलेली शक्तीही घटते, असे डॉक्टरांनी मला बजावले आहे. मग ज्याला झिजता येत नाही त्याने या क्षेत्रात येऊच नये का? या प्रश्नाशी झुंजताना मला बाबा आमट्यांचा आधार वाटतो, आणि तो आधार सहसा सांगितला जातो त्याहून वेगळ्या कारणाने. मणक्याच्या विकारामुळे बाबांना कित्येक वर्षे बसता येत नसे. ते उभे राहत किंवा आडवे पडत. 1985 साली कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा निघाली तेव्हा तरुण सायकलींवर होते आणि बाबा वाहनातल्या बिछान्यावर पडून त्यांच्याबरोबर जात होते. आपण या कथेतला त्याग लक्षात ठेवतो, पण तो बिछाना विसरतो. बाबांच्या शरीराला जे हवे ते कोणीतरी करून दिले होते, आणि ते करून दिल्यामुळेच त्यांचे म्हणणे एवढ्या गावांपर्यंत गेले. मला समाजकार्यात हाच आदर्श अधिक उपयोगाचा वाटतो, कारण तो माझ्यासारख्या पुष्कळांना आत यायला जागा करून देतो.

माझे क्षेत्र म्हणजे ऊसतोड मजुरांचा एक तांडा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मधल्या काळात तांड्यावर म्हातारी माणसे, शाळेतली मुले आणि कोयता धरू न शकणारी माणसे राहतात. तिथे एका आजीजवळ तिचा नातू असतो. त्याला ऐकू येत नाही. त्याचा दाखला तात्पुरता होता, मुदत संपत आली होती, आणि नव्या दाखल्यासाठी लागणारी बेरा ही श्रवणशक्तीची चाचणी दूरच्या मोठ्या रुग्णालयातच होत असे. तारीख मिळाली ती ऐन हंगामातली. आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतलेली. मध्येच फड सोडून आले तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे अंगावर चढतात. आजीला एवढा प्रवास झेपत नव्हता. तारीख चुकली, मुदत संपली, आणि संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानाचा प्रश्न उभा राहिला. हे अनुदान दिव्यांगांसाठी 2025 साली दरमहा 1500 रुपयांवरून 2500 रुपये झाले, ते योग्यच झाले, पण वैध दाखल्यावाचून त्या वाढीचा या मुलाला काय उपयोग? त्याहून वाईट म्हणजे, श्रवणयंत्र आणि वाचा-उपचार जितके लवकर मिळतील तितका लाभ अधिक, हे सगळ्यांना ठाऊक असताना त्याचे एक वर्ष हंगामात गेले.

त्या मुलाबरोबर जाऊन पुढची चाचणी करून घेणे हा भाग अवघड नव्हता. पण तांड्याची पाहणी करताना आणखी माणसे पुढे आली: ट्रॅक्टरच्या अपघातात पाय गमावलेला तरुण, मोळ्या वाहून पाठीचा कणा कायमचा दुखावलेली बाई, दृष्टी अगदी अधू असलेली शाळकरी मुलगी. कोणाचा दाखला निघालेला नव्हता, कोणाचा संपलेला होता, आणि कारण प्रत्येक वेळी तेच होते. रुग्णालयाचे वेळापत्रक आणि ऊसतोडीचे वेळापत्रक एकमेकांना कधी भेटतच नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी तपासणी शिबिरे घेण्याची प्रथा आहेच. ते शिबिर टोळ्या निघण्यापूर्वी घ्यावे, एवढी साधी मागणी त्यातून तयार झाली.

अर्ज लिहून झाल्यावर आजी म्हणाली, “ताई, तुमीच सही मारा, तुमचं ऐकत्यात ते.” तिचे निरीक्षण खरे होते. माझी कुबडी पाहून कार्यालयात मला खुर्ची दिली जाते, माझे शुद्ध मराठी ऐकून मला पाणी विचारले जाते, आणि आजीला दाराशी उभे राहावे लागते. या क्षेत्रातला सर्वांत मोठा धोका मला इथेच दिसतो. अपंग आहे म्हणून माझा आवाज वंचितांचा आवाज मानला जाईल, आणि ज्यांच्यासाठी बोलायचे त्यांना पुन्हा एकदा बोलायलाच मिळणार नाही. म्हणून पारावर बैठक घेऊन अर्ज मोठ्याने वाचला. त्यात एका बाईने दुरुस्ती सुचवली: शिबिर आठवडी बाजाराच्या दिवशीच हवे, कारण त्या दिवशीच तांड्यावरून जीप जाते आणि अपंग माणसाला वेगळे भाडे न भरता नेता येते. दुसरीने सांगितले की, एका खिडकीवर दाखला आणि अनुदानाचा अर्ज दोन्ही घ्यावेत. दोन्ही अटी अर्जात आल्या आणि सह्या व अंगठे तांड्याचेच झाले.

अर्ज द्यायला गेलो त्या कार्यालयाची आवक शाखा वरच्या मजल्यावर होती आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सांगितले आहे की, इमारती आणि सेवा अपंगांना वापरता येतील अशा करण्याचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच असले पाहिजेत. त्या निकालाचा उल्लेख करून आम्ही आमचा दुसरा अर्ज तिथेच, जिन्याच्या पायथ्याशी बसून लिहिला, आणि आवक शाखेच्या लिपिकाने खाली येऊन दोन्ही अर्जांवर क्रमांक टाकून दिले.

शिबिराची तारीख अजून जाहीर झालेली नाही. दसऱ्याच्या पंधरा दिवस आधीपर्यंत ती कळली नाही, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात तक्रार न्यायची, असे पारावरच्या बैठकीत ठरले आहे. कागद मी तयार करणार आहे. तिथे बोलायला बाजाराची अट सुचवणारी बाई आणि पाय गमावलेला तरुण असे दोघे जाणार आहेत.